भाईंच्या न्हाणीची नळी

विश्वास ठेवा असा आग्रह नाही. पण यातला एक शब्दही मी पदरचा घातलेला नाही.

मसुरे गाव. १९६७ सालचा मे महिना, शेवटचा शुक्रवार, तिन्हीसांजेची वेळ. ज्याच्यावर हे बेतलं तो भिकाजी माझ्या आईचा चुलता. गवंडी माणूस, तोंडाने फटकळ, भुताखेतांची टिंगल करणारा.

सुरुवात मात्र त्याआधी वर्षभर झाली होती.

आमच्या गावचे भाई मुंबईची नोकरी संपवून परत आले ते गुडघे धरूनच. डॉक्टरांनी कोमट पाण्यात बसायला सांगितलेलं. म्हणून घरामागच्या न्हाणीत हौद बांधला आणि पाणी तापवायला मुंबईहून गॅसचा बंब आणला. गावाला तेवढंच नवल. बंब बसवणाऱ्या मिस्त्रीने भिकाजीकडून चिऱ्याच्या भिंतीला आरपार भोक पाडून घेतलं, त्यातून पत्र्याची नळी बाहेर काढली आणि बजावलं की हिचं तोंड कधी झाकायचं नाही. या जाळाला धूर नाही, वास नाही, पण त्याची हवा बाहेर गेली नाही तर ती माणूस घेते.

भिकाजीने मान डोलावली. कळलंही होतं त्याला.

पण मे संपत आला की आपल्याकडे पावसाच्या माऱ्याची भिंत माडाच्या विणलेल्या झापांनी झाकतात. वरपासून जमिनीपर्यंत झाकायची, फट ठेवायची नाही, हे त्याला बापाने शिकवलेलं. गप्पा मारता मारता हात चालत राहिले...

आणि नळीही झापांखाली गेली.

त्याच संध्याकाळी भाईंचं पाणी तापवायला मथुरा आत गेली. गावातल्या काशीबाईची एकुलती एक लेक, भाईंकडे कामाला. ऊब टिकावी म्हणून तिने दार लावून घेतलं.

ती जिवंत बाहेर आली नाही.

ओरडा ऐकून सगळे दाराकडे धावले. भिकाजी तेवढा मागच्या भिंतीकडे धावला. नळीवरची झाप ओरबाडली आणि पाणंदीत फेकून दिली. मथुरेला हौदातून ओलीचिंब बाहेर काढलं. तिचं काळीजच कमकुवत होतं, असं लोकांनी ठरवलं. भिकाजीने तिला खांदा दिला, पण तोंडातून शब्द काढला नाही.

पुढच्या वर्षी भाईंच्या बायकोने, सुशीलाबाईंनी, मथुरेच्या जागी भिकाजीच्या लेकीला, सीतेला कामाला बोलावलं. एकोणीस वर्षांची, लग्न ठरलेली पोर. नाही म्हणावं तर कारण सांगावं लागणार. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय! त्याने तिला पाठवलं.

भिंत झाकताना मात्र नळीभोवती हातभर जागा मोकळी सोडली. दोनदा जाऊन बघितली. मग घरची वाट धरली.

वहाळाच्या पाण्यापाशी आला आणि...

टक.

तो थांबला.

टक... टक...

पत्र्यावर बांगडी आपटावी तसा आवाज. मागून, भाईंच्या घराकडून. एवढ्या लांब तो ऐकू यायलाच नको होता.

कावळे गप्प होते. माडांची सळसळ नव्हती.

भिकाजी आल्या वाटेने पळत सुटला.

न्हाणीमागे कोणीच नव्हतं. आवाजही थांबला होता.

त्याने सोडलेल्या मोकळ्या जागेवर... झाप बांधलेली होती.

हिरवीगार, पाणी निथळणारी. आणि गाठ त्याचीच. भिकाजी डावखुरा. तशी उलटी गाठ गावात दुसरं कोणी मारत नव्हतं.

त्याने ती दातांनी तोडली, धावत जाऊन दार फोडलं. सीता हौदाच्या काठावर पडली होती. हाकेला ओ नव्हती. अंगणात आणून वारा घातला, तेव्हा बऱ्याच वेळाने तिला भान आलं. बापाला ओळखून ती पुटपुटली,

"बाबा, कोण तरी कानाकडे सांगी होता. भियां नको, तुझो बापूस येतलो. खंय बघूचा ता तेका म्हायत आसा."

कुठे बघायचं ते बापाला माहीत आहे, हे ऐकताच भिकाजी उठला. तो तसाच काशीबाईच्या दारात गेला आणि वर्षभर गिळलेलं सगळं ओकला. तिने शिव्या द्याव्यात, मारावं, असं त्याला फार वाटत होतं.

काशीबाई तांदूळ निवडत होती. तिने सूप खालीसुद्धा ठेवलं नाही.

"माका म्हायत आसा. मथुरान सांगल्यान."

कधी, असं त्याने विचारलं.

"त्याच सांजेक. दारात येवन उभी रवली. म्हणाली, आये, भिकाजीदादान नळी झाकल्यान. मी म्हटलंय, आत ये. तर येना. वरीसभर बोलवतंय, येना." काशीबाईने त्याच्या खांद्यावरून मागे बघितलं. "आज इली. तुझ्याबरोबर."

ती सूप घेऊन जरा बाजूला सरली, कोणाला तरी वाट द्यावी तशी.

भिकाजीने मान वळवली नाही. पण त्याच्या दंडाला घासून जे आत गेलं ते ओलं होतं, एवढं तो मरेपर्यंत सांगायचा. त्यापुढचं त्याने कधी सांगितलं नाही आणि विचारायचा धीर मलाही झाला नाही.