तिसऱ्या उताराचा ब्रेक

त्या दिवशी मी फक्त टोपी द्यायला गेलो होतो. काळी, पितळी बिल्ल्याची, आतून घामाने पिवळी पडलेली ब्रेकवाल्याची टोपी. कित्येक वर्षं ती आमच्या कपाटात डोरीनच्या लोकरीखाली पडून होती. डोरीन गेली तेव्हा लोकर मी चर्चच्या बायकांना देऊन टाकली, टोपी मात्र ठेवली. आणि आता नात म्हणाली होती, "आजोबा, पहिल्या फेरीला मी तुमचीच टोपी घालणार." नातीने असं म्हटल्यावर कुठला म्हातारा नाही म्हणेल?

नातीचं नाव ब्रायोनी, वय तेवीस, आणि आता ती ब्रेकवाली होणार होती. साल्थॉर्पच्या किनाऱ्यावरचा आमचा लाकडी रोलर कोस्टर अकरा वर्षं बंद पडला होता. गावाने केक विकून, जुने कपडे विकून, सरकारच्या मागे हात धुऊन लागून तो पुन्हा उभा केला. पाटीवर त्याचं नाव 'स्कायलार्क' आहे. पण आम्ही कामगार त्याला कायम 'म्हातारी' म्हणत आलो, कारण तो सारखा कुरकुरायचा.

म्हातारीचं एक वेगळेपण आधी सांगायला हवं. तिचा ब्रेक रुळांवर नाही, गाडीतच आहे. दोन डब्यांच्या मध्ये ब्रेकवाला उभा राहतो, उजवा हात लाकडी दांड्यावर ठेवून. साखळी गाडीला टेकाडावर ओढून नेते आणि तिथून तीन उतार लागतात. पहिले दोन मोकळे सोडायचे, लोकांना पोटभर किंचाळू द्यायचं. तिसऱ्याच्या तोंडाशी दांडा ओढायचा. नाही ओढला तर खालच्या वळणावर गाडी रूळ सोडते, आणि वळणापलीकडे समुद्र आहे. एवढंच काय ते शास्त्र.

आमच्यापैकी आता तिघंच उरलोय. तिकीट खिडकीवरची ऑलिव्ह, माझ्याआधीचा ब्रेकवाला मॉरिस आणि मी, क्लिफर्ड अटिंग. दरवर्षी ईस्टरच्या सोमवारी ऑलिव्हच्या पुढच्या खोलीत गॅसच्या शेगडीपाशी बसायचं, चहा प्यायचा आणि तेच तेच किस्से सांगायचे, ही आमची रीत. किस्से सगळे होता होता टळलेल्या अपघातांचे. म्हातारीने कधी कुणाचा जीव घेतला नाही. का घेतला नाही, हाच त्या किश्श्यांचा गाभा.

पहिला किस्सा मॉरिसचा, १९५३ सालचा. तिसऱ्या उताराच्या तोंडाशी पुढच्या बाईची पिसांची टोपी उडून त्याच्या तोंडावर बसली. त्याने दोन्ही हातांनी ती सोडवायला सुरुवात केली, आणि कुणीतरी त्याचा उजवा हात धरून खाली दांड्यावर दाबला. गार हात होता, ग्रीसचा आणि बडीशेपेच्या गोळ्यांचा वास येणारा. "आणि पहिलं बोट अर्धंच," मॉरिस दरवेळी स्वतःचं बोट दुमडून दाखवायचा. "हे असं. थोटूक."

दुसरा त्याच्या धाकट्या भावाचा, डेनिसचा, १९६१ सालचा. डेनिस भारी खादाड. गाडीवर उभा राहून आइसक्रीम खात होता, कोन उजव्या हातात. तोच गार हात आला आणि कोनासकट त्याची मूठ दांड्यावर दाबली. कोपरापर्यंत व्हॅनिला. डेनिस आता नाही, पण मरेपर्यंत तो म्हणायचा की ब्रेकपेक्षा त्याला आइसक्रीमचं जास्त वाईट वाटलं.

तिसरा माझा. १९६८. मी वीस वर्षांचा, आणि तिसऱ्या बाकावर पिवळ्या झग्यातली एक मुलगी. तिच्यासमोर मिरवण्यासाठी मी ऐटीत टोपी उचलली, आणि तीही उजव्या हाताने. उतार आला तेव्हा माझा हात हवेत होता. मग माझ्या मुठीवर दुसरी मूठ आली, ग्रीस आणि बडीशेप, आणि थोटकं बोट माझ्या मनगटावर रुतलं. ब्रेक लागला, म्हातारी कुरकुरली, आम्ही खाली आलो. मुलीला काहीच कळलं नाही. पुढच्या वर्षी तिने माझ्याशी लग्न केलं. ती डोरीन.

हा हात अल्बर्टचा, असं आम्ही धरून चाललो होतो. अल्बर्ट हा म्हातारीचा पहिला ब्रेकवाला. आमच्यातल्या कुणीच त्याला पाहिलेलं नव्हतं. दुसऱ्या महायुद्धाच्या आधी एका हिवाळ्यात तो न्यूमोनियाने घरच्या बिछान्यात गेला, इतकंच माहीत. बोट साखळीत गेलं असेल आणि गोळ्या चघळत असेल, हे आम्हीच जुळवून टाकलं. त्याच्याविषयी भीती कधी वाटलीच नाही. उलट टेकाडाच्या माथ्यावर पोचलं की प्रत्येक ब्रेकवाल्याने डाव्या हाताने टोपी उचलून त्याला सलाम करायचा, अशी पद्धतच पडली. डाव्या हाताने. नवीन पोराला पहिला धडा हाच असायचा.

१९७४ मध्ये साखळीच्या चाकाने माझंही पहिलं बोट अर्धं नेलं. उजव्याच हाताचं. दवाखान्यात भेटायला आला तेव्हा मॉरिस म्हणाला, "घ्या, अल्बर्टला जोडीदार मिळाला!" मला टाके दुखेपर्यंत हसू आलं. ब्रेकवाल्याचं काम सुटलं आणि मी दुरुस्तीच्या कामावर गेलो. पुढे डॉक्टरने पाइप सोडायला लावला, तेव्हा तोंडात काहीतरी हवं म्हणून मी बडीशेपेच्या गोळ्या चघळायला लागलो. तीसेक वर्षं झाली त्याला. यात काही नवल आहे असं मला कधी वाटलंच नाही, बघा.

तर तो शनिवार. दुपारचे तीन. वाळूची पोती भरून चाचण्या झाल्या होत्या. सोमवारी तपासनीस येणार, म्हणून त्याआधी माणसं बसवून एक फेरी काढायची होती. म्हातारी पुन्हा उभी करणाऱ्या मंडळाची दहा-अकरा माणसं गाडीत बसली. ऑलिव्ह ब्रायोनीच्या बरोबर पाठीमागे बसली, मांडीवर भलीमोठी पर्स. मॉरिसचे गुडघे गेलेले, म्हणून तो माझ्याजवळ फलाटावरच थांबला.

ब्रायोनीने टोपी घातली. ती तिच्या कानांपर्यंत उतरली.

"आजोबा, तुमचं डोकं होतं की भोपळा?"

"मेंदूला जागा लागते, बाळा. अल्बर्टला सलाम करायचा, लक्षात आहे ना?"

"डाव्या हाताने. शंभरदा सांगून झालंय."

"एकशे एक. डाव्या."

तिने डावा हात वर केला. त्यात वायरलेस होता. सुरक्षेचा नवा नियम असा की फेरी संपेपर्यंत तो हातातून सोडायचा नाही. ते मी पाहिलं. पाहिलं, आणि माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही. हे मी स्वतःला अजून माफ केलेलं नाही.

साखळी खडखडली आणि गाडी वर निघाली. आणि समुद्रावरून धुकं आलं. आमच्याकडे ते असंच येतं, दार उघडून कुणी आत यावं तसं. आधी वळण गेलं, मग तिसरा उतार, मग टेकाड. गाडी अर्ध्या चढावर होती ती आमच्या डोळ्यांसमोर पुसली गेली. मागे राहिला खारा, ओला वास आणि साखळीचा आवाज. साखळी मध्येच थांबवायची नसते. थांबवली तर गाडी तिथेच लटकते, आणि आजच्या दिवशी ते कुणालाच नको होतं.

"ऐकू येतंय तोवर ठीक आहे," मॉरिस हळूच म्हणाला.

आम्ही दोघं कान देऊन उभे राहिलो. म्हातारीचा प्रत्येक आवाज आम्हाला पाठ. साखळी सुटल्याचा ठोका आला. गाडी माथ्यावर. आता सलाम. आणि तेव्हा, इतक्या उशिरा, मला तो वायरलेस आठवला. डावा हात अडकलेला. म्हणजे टोपी उजव्याने...

पहिला उतार. किंचाळ्या, हसणं. दुसरा उतार. ऑलिव्हची ती जुनी शिट्टीसारखी किंकाळी. मग चाकं तिसऱ्याकडे धावली, आणि ब्रेकची कुरकुर आली नाही.

"क्लिफ..." मॉरिस म्हणाला. "क्लिफ, ब्रेक...?"

एक श्वास गेला. कुरकुर नाही. माझ्या उजव्या हाताखाली फलाटाचा लोखंडी कठडा होता. तो कठडा राहिला नाही. मुठीत एक लहान, गरम मूठ आली, हाडं नाजूक, आणि त्या मुठीखाली लाकूड. मी ती खाली दाबली आणि जिवाच्या आकांताने ओढली. खांद्यात कळ गेली.

धुक्यात म्हातारी कुरकुरली. लांब, रडकी, लाडकी कुरकुर. माझ्या आयुष्यात याहून गोड आवाज मी ऐकलेला नाही.

"अरे, कठडा उपटतोस की काय?" मॉरिसने माझा दंड धरला. मी पाहिलं, तर माझ्या हातात कठडाच होता.

गाडी फलाटाला लागली. माणसं टाळ्या वाजवत उतरली, त्यांना काही कळलंच नव्हतं. ब्रायोनी मात्र उतरेना. तिचा चेहरा खडूसारखा झाला होता. टोपी तिने छातीशी आवळून धरली होती.

"माथ्यावर सलाम केला... उजव्याने, डाव्यात ते यंत्र होतं," ती म्हणाली. "नीट बसलीच नाही ती परत. तिसऱ्याला वाऱ्याने उचलली. वाटलं, टोपी समुद्रात गेली तर आजोबांना काय तोंड दाखवू... म्हणून मी ती धरली, आजोबा. दांडा नाही धरला. टोपी धरली." आणि ती रडायला लागली.

मी तिला जवळ घेतलं. माझी टोपी. माझ्या टोपीपायी पोर गेली असती, आणि तिच्याबरोबर अकरा माणसं.

"हात आला ना?" मॉरिसने विचारलं.

तिने मान हलवली. "गार होता. आणि एक बोट..."

"अल्बर्ट!" मॉरिसच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. "आला बघा म्हातारा! अजून हजर आहे!"

ऑलिव्हने सगळं मागून पाहिलं होतं. ब्रायोनीचा हात टोपीवरून खाली खेचला गेला, आणि खेचणारं तिथे कुणी नव्हतं, एवढं तिने मला नंतर सांगितलं. त्या वेळी ती फक्त बाकावर बसली आणि पर्स उघडून पुठ्ठ्यात घातलेला एक फोटो काढला. लोस्टॉफ्टला अल्बर्टच्या पुतणीची मुलगी राहते, तिच्याकडून तिने तो खास आजच्यासाठी मिळवला होता. आम्हाला चकित करायचं म्हणून आठवडाभर तिने तोंड शिवून घेतलं होतं. ऑलिव्हसाठी हे सोपं नाही.

फोटोमागे लिहिलं होतं: अल्बर्ट, शेवटचा हंगाम. बुटका, मिशाळ, हसरा माणूस. गाडीवर उभा आणि दोन्ही हात दांड्यावर.

मॉरिसने चष्मा लावून बोटं मोजली. मग पुन्हा मोजली. दहा. सगळीच्या सगळी, धडधाकट.

"मग..." मॉरिस म्हणाला आणि थांबला.

ऑलिव्ह माझ्या उजव्या हाताकडे बघत होती. तो ब्रायोनीच्या पाठीवर होता, थोटक्या बोटासकट. माझ्या गालात बडीशेपेची गोळी होती. ती मी गिळून टाकली.

"क्लिफर्ड," ती अगदी हळू म्हणाली, "तू किती वेळा केलंस हे?"

"आजच," मी म्हणालो. खरंच सांगत होतो. "आयुष्यात पहिल्यांदा."

चहा पिऊन आम्ही घरी गेलो. वायरलेस गळ्यात अडकवायची दोरी आली आणि सोमवारी तपासनीसाने म्हातारीला पास केलं. ब्रायोनी आता रोज गाडी चालवते, टोपीला हनुवटीखाली पट्टा लावून. मुलांना अल्बर्टची गोष्ट सांगते. मी तिला दुरुस्त करत नाही.

पण मी हिशेब लावत बसतो. एक केलं. राहिले तीन. मॉरिस, डेनिस आणि ऐटीत टोपी उचलणारा तो वीस वर्षांचा गाढव. ते तिघं सुखरूप खाली आले, हे तर मला ठाऊक आहे. पण त्यांना कुणी आणलं, हेही आता ठाऊक आहे, आणि त्यांच्यासाठी तर मी अजून काही केलेलंच नाही. म्हणून धुकं आलं की मी उजव्या हातात काही धरत नाही. किटली डाव्याने उचलतो. दुपारची डुलकी सोडली. बोलावणं आलं आणि मी झोपेत असलो तर?

काल तीनच्या सुमारास किनाऱ्यावर धुकं उतरलं. मी स्वयंपाकघरात बसलो होतो, हात रिकामा, टेबलावर. तो आपोआप मिटला. आत एक जाड, मऊ मूठ होती. मी ओढलं. एका क्षणात सगळं संपलं. मग हात उघडून पाहिला तर कोपरापर्यंत चिकट झाला होता. हुंगला.

व्हॅनिला.

म्हणजे डेनिसचं झालं. शेवटी मी हात धुतला, पण त्याआधी बराच वेळ धुववेना, कारण डेनिसची फार आठवण आली. आता मॉरिसचं राहिलंय आणि माझं. माझ्या गाडीत तिसऱ्या बाकावर पिवळ्या झग्यातली डोरीन बसली आहे, हसते आहे, तिला काही कल्पना नाही. आज सकाळपासून पुन्हा धुकं आहे. मी हात टेबलावर ठेवून बसलोय, आणि तो अजून मिटलेला नाही.