तिसऱ्या पानाची कड

"सही माझीच आहे," पुठ्ठ्याच्या खोक्यांच्या कारखान्याची मालकीण तपासनीस बाईंना म्हणाली. "पण या कागदावर मी ती केलेली नाही."

तिच्या आवाजात ना राग होता, ना रडू. मांडीवर अडीच महिन्यांचं बाळ झोपलं होतं.

कारखाना गेल्या महिन्यात बुडाला. कर्जाला ती स्वतः जामीन आहे, असं कर्जकंपनीचा तीन पानी कागद सांगत होता. आईने तिच्या नावावर केलेलं घर पंधरा दिवसांत जप्त होणार होतं.

कर्जकंपनीच्या कचेरीत तपासनीस बाईंनी मूळ पानं टेबलावर आपटून सारखी केली. सहीचं तिसरं पान किंचित आखूड भरलं.

"कागदवाल्यानं मापात मारलं," बाईंचे मदतनीस मास्तर म्हणाले.

बाईंनी वरच्या कडेवरून नख फिरवलं. एका जागी ते अडलं.

"अलीकडे कशावर सही केलीत?" त्यांनी मालकिणीला विचारलं.

"गरोदरपणी, सातव्या महिन्यात. संचालकपदाच्या राजीनाम्यावर. लांब कागद, वर चार ओळी, तळाशी सही. यांनी नोंदणी कचेरीत नेऊन दिला."

बाळाला घेऊन तीही त्यांच्यासोबत कारखान्यात आली. तिथे तिचा नवरा आणि दीर भेटले. कापलेल्या कागदांच्या गठ्ठ्याच्या कडेवर मास्तरांचं बोट अडखळलं.

"कागद कापायच्या मशीनच्या पात्याला खाच पडलीय," दीर म्हणाला. "वर्षभर प्रत्येक कागदावर तिथंच दात उठतो."

"मशीन कोण चालवतं?"

"चावी आम्हा दोघा भावांकडेच. पण दोन बटणं, हातभर अंतरावर, दोन्ही तळव्यांनी एकदम दाबायची. माझा पंजा गेल्यावर बसवली." त्याची डावी बाही मनगटाशी दुमडलेली होती. "हातचलाखीचा आळ घ्यायचाच, तर माझ्यावर अर्धाच घ्या."

"आणि राजीनामा?" बाईंनी नवऱ्याला विचारलं.

"दिला की. गहाळ झाला असेल नोंदणी कचेरीत."

"पोचलाच नाही. तिसऱ्या पानाच्या कडेला याच पात्याचा दात आहे. लांब कागदाच्या वरच्या ओळी कापल्या, सही ठेवली, मोकळ्या जागेत जामिनाचा मजकूर छापला. चावी दोघांकडे, पण मशीनला दोन पंजे लागतात."

मास्तरांनी नवऱ्याच्या हातांकडे पाहिलं, मग पटकन नजर वळवली.

"मी फेडणार होतो गं," तो पुटपुटला. "कारखाना वाचला असता."

"घर राहील?" तिने बाईंनाच विचारलं.

"कारखान्याच्या कंपनीचं कर्ज त्या कंपनीपुरतं. खरा जामीन नसेल तर तुमच्या घराला हात लागणार नाही. पण यांच्याविरुद्ध तक्रार द्यावी लागेल."

बाईंनी तक्रार लिहिलेला कागद सहीसाठी पुढे केला. ती उठली. बाळ तिने नवऱ्याच्या हातात दिलं.

"मान धरा त्याची," ती म्हणाली, आणि पहिल्या ओळीपासून वाचू लागली.