टांगलेली इटालियन सायकल

गोव्यातल्या साखळीहून निघून, वाटेत बस बदलून गोकुळदास इब्रामपूरला उतरला तेव्हा त्याच्या एका हातात बहिणीसाठी घेतलेले पाव होते आणि दुसऱ्या हातात हत्यारांची पिशवी. शाळेत तो विज्ञान शिकवायचा, पण साखळीत त्याची खरी ओळख सायकलवेडा मास्तर अशीच होती. कुणाच्या माळ्यावर आजोबांची गंजलेली सायकल सापडली की मास्तरांना बोलावणं जायचं. मास्तर नळ्यांची जाडी मोजत, सांधे खरवडत, आटे तपासत आणि ती कुठल्या देशात, कुणाच्या हातून घडली ते सांगत. घरमालकाला त्यात काडीचा रस नसला तरी शेवटपर्यंत सांगत.

आज मात्र तो काय सांगतो हे ऐकायला अख्खं घर खोळंबलं होतं.

त्याची थोरली बहीण प्रभावती इब्रामपूरला दिलेली. तिचा नवरा नारायण शिरगावच्या बाजूला एका खाणीवर फिटर होता. बारा वर्षांपूर्वी एका सकाळी तो सायकलवर टांग मारून कामावर निघाला, तो खाणीवर पोचला नाही आणि घरीही परतला नाही. सायकलही त्याच्याबरोबरच गेली. ती साधीसुधी नव्हती. खाणीवर यंत्रं बसवायला आलेला एक इटालियन माणूस मायदेशी जाताना ती नारायणला देऊन गेला होता. वाकड्या हँडलची, शर्यतीची, दोन बोटांवर उचलावी इतकी हलकी. तिच्यावर कुठेही नाव नव्हतं. पुढच्या नळीवर कधीकाळच्या बिल्ल्याची दोन भोकं तेवढी उरली होती. "भावोजी, हिच्या कारागिराचा नाव मी शोधून काढतलंय," असं गोकुळदासने तेव्हा मेव्हण्याला छातीठोकपणे सांगितलं होतं. ते नाव काही सापडलं नव्हतं.

आणि गेल्या आठवड्यात, वर्षानुवर्षं पाण्याने भरलेली एक जुनी खाण उपसली तेव्हा तळाच्या गाळात एक सायकल निघाली. माणसाची खूण काही नव्हती. नारायणचा थोरला भाऊ बाबाजी ती ट्रकमध्ये घालून घरी घेऊन आला.

"गाळ दगडासारखो घट्ट झाल्लो," बाबाजी म्हणाला. "कामगारांनी घण घालून सोडयली. मास्तर, तुमी सांगा ही आमच्या नारायणाचीच काय ती. व्हय म्हणालात तर येत्या अवसेक पळसाच्या पानांचो पुतळो करून तेका अग्नी दितंव. बारा वर्सा झाली. वाट तरी कितके दीस बघूची? तेका गती मिळाक व्हयी."

बाबाजीचं चुकत नव्हतं. भाऊ त्याचाही होता. पण पुतळ्याला अग्नी दिला की त्याच दिवशी प्रभावतीचं कुंकू पुसलं जाणार, मंगळसूत्र उतरणार. बारा वर्षं ती सवाष्ण म्हणून राहिली होती. आता तिचं कपाळ धाकट्या भावाच्या शब्दावर येऊन ठेपलं होतं.

पाणी द्यायला आली तेव्हा ती त्याच्या कानाशी पुटपुटली, "खरा ता सांग. खोटा बोललंस तर तेंका कळतला."

'तेंका' म्हणजे बाबाजीला, असं गोकुळदासने धरलं.

पडवीत गोणपाटावर सायकल आडवी घालून तो कामाला लागला. वाळलेला गाळ ढेकळांनी सुटत होता. खालून किरमिजी रंग दिसला. नारायणच्या सायकलीचा हाच रंग. बिल्ल्याची दोन भोकं, एकाखाली एक. पायडलांच्या आसापाशी उजवी वाटी त्याने पान्याने सोडवली. इंग्रजी सायकलीत ही वाटी उलट्या आट्याने सुटते. ही सरळ आट्याने सुटली, मापही इटालियनच होतं. सायकलीच्या पोटाला, पायडलांच्या मधोमध, पानांच्या आकाराची तीन छोटी छिद्रं, तीही त्याला आठवत होती. मग त्याने मागचं टोक पुसलं, जिथे चाकाचा आस बसतो तिथलं. साध्या सायकलीला तिथे कॅरिअर अडकवायला भोक असतं. इथे पोलाद सलग, गुळगुळीत होतं. शर्यतीची सायकल एकट्या माणसासाठीच घडवतात.

शेवटी सीटखालचा बोल्ट. मूळचा मोडल्यावर नारायणने तिथे खाणीच्या यंत्राचा जाड बोल्ट बसवला होता. तो जागच्या जागी होता.

आता संशयाला जागा नव्हती. बहीण आत होती त्या दाराकडे बघायचं टाळत गोकुळदासने उगाचच मागचं चाक उचलून फिरवलं.

टिक टिक टिक टिक.

आत स्वयंपाकघरात भांडं पडलं. ही टिकटिक वळणावर ऐकू आली की प्रभावती चहाचं आधण ठेवायची.

चाक फिरतच राहिलं. गोकुळदासच्या कपाळाला आठी पडली. इतकी वर्षं पाण्यात आणि गाळात पडलेलं चाक असं फिरत नाही. त्याने आस सोडवला. आत वंगण होतं, पिवळं, ओलं, कालपरवा भरल्यासारखं. मग त्याने टायर धुतला आणि बाजूवरची अक्षरं वाचली. टायर इथलाच होता. पण ही नक्षी बाजारात येऊन पुरती दोन वर्षंही झाली नव्हती. स्वतःच्या सायकलीला त्याने गेल्या दिवाळीत हाच टायर घातला होता.

आणि हा टायर झिजून दोरे दिसत होते.

"सायकल भावोजींचीच," तो उठून म्हणाला. "पण दादा, ती आता आतापर्यंत कोण तरी चालयत होतो."

बाबाजीने टायर पाहिला, वंगणाला बोट लावून वास घेतला. "चोरान चालयली आसतली. मगे टाकली आसतली खाणीत."

"आसतली." गोकुळदासने मान हलवली. चोराने आताच टाकली तर गाळ घणाने फोडण्याइतका घट्ट कसा झाला, हा प्रश्न कुणीच काढला नाही. नारायण गेला असं म्हणायला आधार नाही, इतकंच ठरलं आणि विधी पुढे ढकलला गेला. सायकल पडवीच्या वाशाला दोरीने टांगून ठेवावी असं प्रभावतीने सुचवलं. टांगण्याआधी गोकुळदासने पेडण्याहून नवे टायर आणून घातले. का घातले, हे त्याला नीट सांगता आलं नसतं. शास्त्राचा माणूस म्हणून त्याने आणखी एक गोष्ट केली. दोन्ही टायरांवर खडूची आडवी रेघ ओढली.

"वेशीवरच्या वाहाणो बघितलंस मा?" प्रभावतीने विचारलं.

बहिणीचं लग्न झाल्यापासून तो त्या पाहत आला होता. घोटिंगाच्या झाडाखाली राखणदाराची, गाव राखणाऱ्या देवाची, जागा आहे. गाव तिथे दर वर्षी चामड्याच्या नव्या वाहाणा ठेवतं आणि जुन्या उचलतं. जुन्यांचे तळवे झिजलेले असतात, कारण राखणदार त्या घालून गावाची फेरी मारतो. चामडं सुकतं, उंदीर कुरतडतात, असं गोकुळदास वर्गात मुलांना हसत हसत समजावत असे.

"ह्यो रबर, बाय," तो म्हणाला. "उंदीर तेका तोंड लावणत नाय."

"माका ठावक आसा," ती म्हणाली.

गणपतीच्या चवथीला तो पुन्हा आला. सायकल वाशाला तशीच टांगलेली होती. दोरीच्या गाठी त्यानेच मारलेल्या, त्यांच्यावर कोळ्याने जाळं विणलेलं. वाऱ्याने मागचं चाक सावकाश फिरत होतं आणि बारीक टिकटिक चालू होती.

त्याने स्टुलावर चढून टायरावर बोट फिरवलं. खडूची रेघ नव्हती. नक्षीही नव्हती. दोरे वर आले होते आणि त्या दोऱ्यांत जांभळट, चमकणारी भुकटी भरली होती. इब्रामपूरची माती तशी नाही. ती खाणीची भुकटी होती.

बाबाजी त्याच्या मागे येऊन उभा होता. त्याने वर पाहिलं, पायातल्या वाहाणा काढल्या आणि सायकलीला हात जोडले. पुतळ्याचा विषय त्या घरात पुन्हा कधी निघाला नाही.

तेव्हापासून दर चवथीला गोकुळदास नवे टायर घेऊन येऊ लागला. शाळेत तो तेच विज्ञान शिकवत होता, फक्त वाहाणांची गोष्ट त्याने वर्गात सांगायची सोडली. बहीण सुखात होती. हळदीकुंकवाला जात होती, हिरव्या बांगड्या भरत होती. एवढ्यासाठी वर्षाला दोन टायर घालायला त्याची ना नव्हती. आपण तिचं कपाळ राखलं, असंच तो मनाशी म्हणायचा. कारागिराचं नाव शोधायची हौस मात्र जिरून गेली होती. इटलीतला तो कोण, हे आता कळूच नये असं त्याला वाटे.

एका वर्षी टायर चढवून तो हात पुसत होता. प्रभावती चहा घेऊन आली. ती अलीकडे वाळली होती, पण चेहरा टवटवीत होता.

"गोकूळ, औंदा मागे कॅरिअर बसव."

त्याने कप खाली ठेवला. "कित्याक?"

"येकटीच किती दीस रवतलंय हंय?" ती अगदी सहज म्हणाली.

तो घाबरला. इतकी वर्षं त्याने फक्त तिच्या कुंकवाचा विचार केला होता.

"बाय, हिका कॅरिअर बसणा नाय. पयल्यांदा तपासली तेव्हाच तुका सांगितल्लंय. तिका भोकच ठेवूक नाय."

"बघ तरी."

"शंभरदा बघितलंय."

"येकदा बघ, माज्यासाठी."

तो पुन्हा स्टुलावर चढला. मागचं टोक फडक्याने पुसलं.

भोक होतं.

दोन्ही बाजूंना, आसाच्या जरा वर, नेमकं. कुणी आत्ता ड्रिल मारलेलं नव्हतं. कडा घासून गोल केलेल्या होत्या, त्यांच्यावर तोच किरमिजी रंग चढलेला आणि जुना होऊन तडकलेला. पोटावरची तीन पानं ज्या हाताने कोरली, त्याच हाताचं हे काम होतं. याबाबतीत गोकुळदासची चूक होणं शक्य नव्हतं.

त्याने करंगळीचं नख आत घातलं. आटे होते. करंगळीला तेल लागलं.

खाली प्रभावती वर तोंड करून उभी होती. वाट बघत होती. तिच्या चेहऱ्यावर असा आनंद त्याने तिच्या लग्नात पाहिला होता.

बाहेर वारा होता. पोफळी सळसळत होत्या. कानाशी चाक सावकाश फिरत होतं, टिक, टिक, टिक.

गोकुळदासने अंगठा भोकावर दाबून धरला.

"नाय गो बाय," तो म्हणाला. "भोक नाय."

खोटं बोललास तर 'तेंका' कळेल, हे बहिणीचे जुने शब्द त्याला आठवले. वारा तसाच वाहत होता. टिकटिक थांबली.