तेविसाव्या पानावरचं नाव

ऑगस्टचा पाऊस शाळेच्या पाखाडीवरून असा धावत होता, की जांभ्याच्या त्या पायऱ्या कमी आणि ओढाच जास्त वाटत होता. शाळा भरायला सात मिनिटं होती. अक्षया पिलणकर एका हाताने ओढणी आणि दुसऱ्या हाताने छत्री सांभाळत वर चढत होती, तेवढ्यात वरून धप्पकन आवाज आला. पाठोपाठ एक माणूस बसल्या बसल्या चार पायऱ्या खाली आला आणि नेमका तिच्या चपलांपाशी थांबला. त्याच्यामागून पुठ्ठ्याची पांढरी कार्डं तरंगत आली.

"लागलं का हो?"

"नाही... म्हणजे लागलंय. पण सांगण्यासारख्या जागी नाही."

ओठांवर आलेलं हसू दाबून ती कार्डं वेचायला वाकली. शून्य. एक. शून्य. शून्य. सगळ्या कार्डांवर हेच दोन आकडे, ठसठशीत काळ्या रंगात.

"मटक्याचे आकडे की काय?"

"शाळेत शिकवायला आणलेत."

"शाळेत मटका?"

तो खदखदून हसला, इतका की पावसाचं पाणी तोंडात जाऊन त्याला ठसका लागला. तिने छत्री थोडी त्याच्या बाजूला कलती केली. का केली, हे तिलाही सांगता आलं नसतं. पुढच्या चाळीस पायऱ्या दोघं एकाच छत्रीखाली, दोन्ही बाजूंनी अर्धी अर्धी भिजत चढली.

त्याचं नाव सुजय गोताड. संगमेश्वरकडच्या एका वाडीतला. पुण्यातली सॉफ्टवेअरची नोकरी सोडून तो एका संस्थेसाठी जिल्ह्यातल्या शाळांमध्ये फिरत होता. शिक्षकांच्या खोलीत मुख्याध्यापक हरिश्चंद्र सरांनी त्याची ओळख करून दिली. हे दर मंगळवारी येणार, रोजच्या विषयांमधून कॉम्प्युटरचं शास्त्र कसं शिकवायचं ते दाखवणार.

"आपल्याकडे पाच कॉम्प्युटर आहेत," हरिश्चंद्र सर म्हणाले. "त्यातले दोन चालतात. वीज असली तर."

"एकही नको, सर. कॉम्प्युटर ज्या रीतीने विचार करतो, ती रीत तुमच्या विषयांत आधीपासूनच आहे. फक्त मुलांना दाखवायची."

"मराठीत नाही," अक्षया म्हणाली. जरा जास्तच फटकन.

"शब्दकोशात 'पाखाडी' हा शब्द कसा शोधता, मॅडम? पहिल्या पानापासून?"

"छे! मधोमध उघडते. 'प' पुढे असेल तर पुढचा अर्धा भाग धरते. मग त्याचा मध्य..."

बोलता बोलता ती थांबली. सुजय नुसता तिच्याकडे बघत राहिला. त्या बघण्याचा तिला राग आला. राग यावा असं त्यात काही नव्हतं, याचा आणखी आला.

अक्षयाला या शाळेत पाच वर्षं झाली होती, तीही तासिकांवर. दर जूनला नेमणूक आणि दर एप्रिलला निरोप. वडील जहाजावर, आई रत्नागिरीच्या घरात. अक्षया रोज हातखंब्याला एसटी बदलून शाळेत यायची आणि मनातल्या मनात रोज दुसरीकडे कुठेतरी निघालेली असायची. एका जागी तिचा जीव रमत नसे. वर्गातसुद्धा फळ्यापासून खिडकीपर्यंत तिच्या येरझारा चालू असत. अशा अस्वस्थ बाईला त्या मंगळवारी परतीच्या एसटीत एक नवीनच चाळा लागला. गाडी गचके खात होती, तिची बोटं मांडीवरच्या पर्सवर ठेका धरत होती. लघू, गुरू, लघू. ऱ्हस्व, दीर्घ, ऱ्हस्व. अक्षरांचे दोनच प्रकार...

दोनच!

ती ताडकन उठून उभी राहिली. कंडक्टर म्हणाला, "स्टॉप यायचाय अजून, बाई."

पुढच्या मंगळवारी नववीच्या वर्गात तिने सुजयला मागच्या बाकावर बसवलं आणि त्याचीच कार्डं मुलांच्या हातांत दिली. लघू म्हणजे शून्य, गुरू म्हणजे एक. पुढे जोडाक्षर आलं की आधीचं अक्षर गुरू.

"राही, तुझं नाव सांग बघू आकड्यांत."

"रा... ही... दोन्ही दीर्घ. एक, एक!"

"आपल्या मुख्याध्यापकांचं?"

वर्गात कुजबुज झाली, मग चार मुलं ओळीने उभी राहिली. ह, रि, श्चं, द्र. शून्य, एक, एक, शून्य. खिडकीबाहेरून हरिश्चंद्र सर स्वतःचं नाव बघत थांबले होते.

"आता सांगा, तीन अक्षरांचा एक गण. प्रत्येक अक्षर शून्य किंवा एक. मग एकूण गण किती होतील? पाठ म्हणू नका. कार्डं लावून मोजा."

मुलांनी कार्डं उलटीपालटी करून सगळ्या जुळण्या लावल्या. आठ. नववी जुळणी कुणालाच लागेना. समर्थ नावाच्या मुलाने तर हट्टाने दहा मिनिटं शोधली.

"वृत्तांचे आठ गण मी पण पाठ केले होते," अक्षया म्हणाली. "आठच का, हे मला कधी कुणी सांगितलं नव्हतं. मी विचारलंही नव्हतं."

तास संपल्यावर सुजय बाकावरच बसून राहिला. "आम्ही पुण्यात सहा महिने असं काहीतरी शोधत होतो," तो हळूच म्हणाला. "तुम्ही एसटीत शोधलंत?"

"तुमचं नावही काढलं मी आकड्यांत. सु-ज-य. शून्य, शून्य, शून्य." तिने डस्टर झटकलं. "काही वजनच नाही, सर."

"आणि तुमचं?"

"एक, शून्य, एक."

"म्हणजे मधली जागा रिकामी आहे..."

तिने कार्डं गोळा करायला घेतली आणि पुढच्या तासाची घंटा झाली.

मंगळवार येत गेले. पालुपद म्हणजे पुन्हा पुन्हा फिरणारी आज्ञा, संधीचे नियम म्हणजे 'जर' आणि 'तर', निबंध तपासणं म्हणजे चूक कुठल्या पायरीवर झाली ते हुडकणं. दोघं भांडून भांडून पाठ रचत. कुठल्याशा मंगळवारी 'तुम्ही'चं 'तू' झालं. हातखंब्याच्या तिठ्यावर चहा घेताना तिची रत्नागिरीची एसटी यायची, ती म्हणायची, "पुढची पकडते." पुढची यायची... तीही जायची.

दिवाळीनंतर त्याची नेमणूक मंडणगडला झाली, जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला. निघताना तो म्हणाला, "अक्षया, एक सांगायचं होतं..." आणि मग म्हणाला, "फोन करत जा."

"एवढंच?"

"आत्ता एवढंच."

त्या 'आत्ता'वर तिने दोन महिने काढले. रोज संध्याकाळी फोन यायचा. शाळा, मुलं, मंडणगडची थंडी, सगळं बोलून व्हायचं. तेवढं एक सोडून.

जानेवारीत रत्नागिरीतल्या एका शाळेने तिला मुलाखतीला बोलावलं. कायमची जागा होती. समोर तिघंजण बसले होते. मधल्या बाईंनी विचारलं, "तुम्ही स्वतः काही नवीन केलंय का?"

अक्षया खुलली. लघु-गुरूचा तो पाठ तिने हातवारे करत सांगितला. बाई ऐकत होत्या, मग त्यांच्या कपाळाला आठी पडली. टेबलावरची एक नवी कोरी पुस्तिका उघडून त्यांनी तिच्यासमोर सरकवली. सुजयच्या संस्थेनेच छापलेली. पान तेवीस. तिचा पाठ, तिची उदाहरणं. राही, समर्थ, हरिश्चंद्रसुद्धा. खाली नाव होतं : सुजय गोताड.

"हा पाठ तर यांचा दिसतोय," बाई शांतपणे म्हणाल्या. "धन्यवाद. कळवू आम्ही."

बाहेर आल्यावर तिने गेटपाशीच फोन लावला.

"पान तेवीस बघितलंस?"

"पुस्तिका आली? माझ्या हातात अजून..."

"माझा पाठ तुझ्या नावाने छापलाय. मी आत्ता तिघांसमोर खोटारडी ठरून आले, सुजय."

तो म्हणाला, "मी तुझं नाव लिहून पाठवलं होतं. संस्थेत कुणीतरी पाठवणाऱ्याचंच नाव टाकलं. छापण्याआधी त्यांनी वाचायला पाठवलं, तेव्हा मी फोनवर वरवर चाळलं आणि ठीक आहे म्हणून कळवलं. चूक माझीच आहे."

"पाच वर्षांत मी माझं म्हणावं असं तेवढं एकच केलं होतं."

तिने फोन ठेवला. त्याचे पुढचे फोन घेतले नाहीत. चार दिवसांनी फोन यायचेच थांबले.

आणि मग तिला कुठेच चैन पडेना. वह्या तपासायला घ्यायची, बरोबर उत्तरावर फुली मारायची. ओटीवर फेऱ्या मारून मारून आईचं डोकं उठवायची. "अगं, बस की घटकाभर," आई म्हणायची. ती बसायची आणि फोन हातात घ्यायची. 'कसा आहेस' असं लिहायची आणि पुसायची. राग होताच. पण रागाच्या खाली आणखी काहीतरी होतं, आणि ते रागापेक्षा हट्टी निघालं. ती जागा दुसऱ्या कुणाला मिळाल्याचं पत्र आलं, त्या दिवशी तिला पहिल्यांदा सांगावंसं वाटलं ते त्यालाच. या गोष्टीचं तिला रडू आलं.

फेब्रुवारीतल्या एका दुपारी संस्कृतीचा फोन आला. संस्कृती तिची बी.एड.ची मैत्रीण, दाभोळच्या शाळेत शिकवायची.

"अक्षू, आज एक माणूस आला होता गं आमच्याकडे. गोंदाची बाटली घेऊन!"

"कोण?"

"गोताड की कोण. म्हणाला, तुमच्याकडची पुस्तिका द्या. तेवीस नंबरचं पान उघडलं, आपल्या नावावर एक चिठ्ठी चिकटवली आणि चालला. वाचू? 'या पाठाची कल्पना आणि मांडणी अक्षया पिलणकर यांची आहे. माझं नाव चुकीने छापलं गेलं. सुजय गोताड.' अगं, मंडणगडपासून एकेक शाळा करत आलाय मोटरसायकलवर. रजा टाकून! पोस्टाने का नाही पाठवलंत विचारलं, तर म्हणे, पोस्टाने आलेली चिठ्ठी कोण चिकटवतं. आणि त्याने सर्वांत आधी काय केलं माहितेय? तुझ्या त्या मुलाखतीच्या शाळेत जाऊन लेखी कबुली देऊन आला."

अक्षयाने फोन कानाशी घट्ट धरला. "आता... कुठे आहे?"

"आज इथेच मुक्काम. उद्या बाराच्या फेरीबोटीने धोपाव्याला उतरणार. अक्षू? ऐकतेयस ना?"

दुसऱ्या दिवशी अक्षयाने पाच वर्षांतली पहिली खोटी रजा टाकली. पहाटेच्या एसटीने गुहागर, तिथून वडापच्या जीपमध्ये सात माणसांत आठवी होऊन धोपावे. धक्क्यावर पोचली तेव्हा बारा वाजून गेले होते. ऊन खाडीवर चकाकत होतं. पलीकडून दाभोळची फेरीबोट निम्मं पाणी कापून आली होती. ती धक्क्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालली, परत आली, पुन्हा चालली.

बोटीची लोखंडी फळी खणखणत खाली पडली. सगळ्यांत पुढे त्याची मोटरसायकल होती. तो उन्हाने काळवंडला होता, दाढी वाढली होती आणि बोटांना गोंद वाळून पांढरा झाला होता. त्याने समोर पाहिलं. पाहिलं आणि मोटरसायकल तिथेच बंद पाडली.

मागे दोन जीपगाड्या, एक टेंपो. हॉर्नचा कल्लोळ उडाला.

"ओ पाव्हणं!" बोटीवरचा खलाशी बाबल्या ओरडला. "उतरायचं नाय काय?"

सुजय मोटरसायकल ढकलत कसाबसा तिच्यापर्यंत आला.

"ती नोकरी गेली," अक्षया म्हणाली. "ती काही परत यायची नाही."

"माहितेय. चिठ्ठ्यांनी ती भरून येत नाही, तेही माहितेय."

"मग हे सगळं कशाला?"

"तुझं नाव तिथे असायला हवं म्हणून. तू माझ्याशी बोलली नसतीस, तरी असायला हवं होतं."

खाडीवरच्या वाऱ्याने केस तिच्या तोंडावर येत होते, ते तिने बाजूला सारले नाहीत.

"किती शाळा राहिल्या?"

"एकोणचाळीस."

"आणि मला सांगायचं ते कधी सांगणार होतास? चाळिसाव्या शाळेनंतर?"

"अक्षया, मला तुझी सवय..." तो अडखळला. "नाही. सवय नाही. चुकीचा शब्द आला."

"मग बरोबर शब्द वापर. मी मराठी शिकवते."

"प्रेम आहे तुझ्यावर."

नेमका तेव्हा टेंपोवाल्याने हॉर्न दाबला. "ऐकू नाही आलं," अक्षया म्हणाली.

"प्रेम आहे तुझ्यावर!" तो एवढ्याने ओरडला, की जीपमधली माणसं माना काढून बघायला लागली आणि बोटीवरून बाबल्याने शिट्टी घातली. अक्षया कानशिलांपर्यंत लाल झाली. तिला खरं म्हणजे पहिल्या वेळीच ऐकू आलं होतं.

"माझंही आहे," ती म्हणाली. "कधीपासून ते विचारू नकोस. रागवायचं होतं, त्यात मध्ये मध्ये येत होतं."

मग ती त्याच्या मागे बसली. चिठ्ठ्यांचं पाकीट त्याने तिच्या मांडीवर दिलं. चढावर मोटरसायकल धापा टाकायला लागली, तसा तिने एक हात त्याच्या खांद्यावर ठेवला आणि चढ संपल्यावरही काढला नाही.

पहिल्या शाळेत ते पोचले तेव्हा मधली सुट्टी चालू होती. व्हरांड्यात डबा खात बसलेल्या मुख्याध्यापिका उठून उभ्या राहिल्या. "या. आपण कोण?"

सुजय पुढे झाला. "त्या पुस्तिकेतल्या पाठावर यांचं नाव राहिलं होतं, ते लावायला आलोय. या अक्षया पिलणकर."

"बरं. आणि तुम्ही?"

सुजयने अक्षयाकडे पाहिलं.

"हे ना..." अक्षया म्हणाली, आणि त्याच्या हातातली गोंदाची बाटली तिने स्वतःकडे घेतली. "हे माझे आहेत."