कुणी मोडला श्रावण?

डोक्यावर दुसरा तांब्या ओतला आणि स्वरूपचा हात केसांतच थबकला... बोटांना काहीतरी बुळबुळीत लागले. पांढरे, लिबलिबीत तंतू कानामागून ओघळून खांद्याला चिकटले होते, आणि वाफेला वास येत होता. श्रावणातल्या दुसऱ्या सोमवारी, पोथी वाचायला बसणाऱ्या माणसाच्या अंघोळीच्या पाण्याला, अंड्याचा वास!

ओल्या पंच्यानिशी तो मागच्या परड्यात धावला. चुलीवरच्या हंड्यात त्याने काठी घातली, तशी तळातून फडक्याची पुरचुंडी वर आली. आत दोन अंडी, एक फुटलेले.

"कुणी घातली ही?"

परड्याच्या दारात त्याची बायको माधवी उभी होती आणि मागे, ओसरीवरच्या खाटेवर, त्याची आई नागुबाई. दोघींची नजर क्षणभर भेटली. मग नागुबाईंनी मान भिंतीकडे वळवली.

"मी," माधवी म्हणाली. "मला खावंसं वाटलं."

"श्या..." नागुबाईंनी पदर नाकाला लावला.

त्या एका 'श्या'ची माधवीला जी किळस आली, ती आठ दिवस गेली नाही...

कारण अंडी आत्तींचीच, म्हणजे सासूबाईंचीच होती. आत्तींची मूत्रपिंडे निकामी झालेली. आठवड्यातून दोनदा पिरनवाडीहून बेळगावला डायलिसिसला न्यावे लागे. रक्तातले प्रोटीन उतरलेय, रोज दोन उकडलेल्या अंड्यांतले पांढरे द्या, असे डॉक्टरांनी श्रावणाच्या तोंडावरच सांगितले होते. चाळीस वर्षे अख्ख्या गल्लीचा श्रावण नागुबाईंच्या धाकात पाळला जाई. मेले तरी शिवणार न्हाय, असे त्यांनी चारचौघींत ठणकावले, आणि गल्ली धन्य धन्य म्हणाली. त्याच दुपारी त्यांनी सुनेचा हात घट्ट धरला होता. मला जगायचंय गं, नातीची, आरोहीची, दहावी तरी बघू दे, पण माझ्या लेकाला कळू देऊ नको, असे म्हणत त्या लहान पोरीसारख्या रडल्या होत्या.

मटणाची भांडी पोत्यात बांधून माळ्यावर गेलेली, सैपाकातल्या भांड्याला अंडे लावायचे नाही. मग माधवीने अंघोळीचा हंडा शोधला. भल्या सकाळी, कुणी उठायच्या आत, फडक्यात बांधून... त्या सोमवारी स्वरूप पोथीसाठी लवकर उठला, आणि पुरचुंडी हंड्यातच राहिली.

आणि ही माधवी कोण? गुंजी गावच्या माळकऱ्याची लेक! लग्नात माळ उतरली, पण जिभेची सवय उतरली नाही. अंडे सोलताना ती श्वास कोंडून धरी, डोळ्यांत पाणी येई. आत्तींना भरवून झाले की राखेने तीन तीनदा हात घाशी, तरी बोटे आपली वाटत नसत.

त्या बोटांकडे सोळा वर्षांत नवऱ्याने कधी पाहिलेच नव्हते. रविवारी मटण शिजले की ती भाकरी आणि चटणी घेऊन परड्यात जाऊन बसे, हे त्याने पाहिले होते की नाही? तरी, मी खाल्लं, असे तिने म्हणताच त्याने लगेच मानले... तिला सगळ्यात शिसारी आली ती त्या 'लगेच'ची.

स्वरूपने तीनदा डोके धुतले, घरभर गोमूत्र शिंपडले आणि श्रावण संपेपर्यंत माधवीने चुलीला शिवायचे नाही, असे सांगितले. शेजारच्या मालुबाई सैपाकाला येऊ लागल्या. तोंडाने त्या हरहर करत आणि डोळ्यांनी माधवीला उष्ट्या पत्रावळीसारखे टाळत. साबुदाण्याची खिचडी, शेंगदाण्याचे लाडू, तुपात परतलेले बटाटे... उपासाच्या नावाने ताटेच्या ताटे रिकामी होत, ढेकर येत, आणि ओसरीच्या कोपऱ्यात माधवीला त्या तुपाचासुद्धा उबग येई. देवाच्या महिन्यात माणसाची एवढी घाण वाटावी, याचीही तिला घाण वाटे.

आणि आत्ती? आत्तींना आता अंडे कोण देणार! गुरुवारी डायलिसिसला गेल्यावर नर्सबाई स्वरूपवर रागावली, आईला उपाशी मारता काय म्हणाली. पाय दुधीभोपळ्यासारखे सुजले. माधवी रोज त्या पायांना तेल लावी, एक शब्द बोलत नसे. बोलली असती तर आत्तींचे नाव जात होते. गप्प राहिली तर जीव. आणि निवड तिची नव्हती...

तिसरा सोमवार उजाडला. सांजेला पोथी संपली, गल्लीतल्या बाया टेकल्या, उपास सोडायला केळीची पाने मांडली. माधवीचे पान नव्हते.

"बाटलेलीला कशाला सोमवार," मालुबाई हसून म्हणाल्या. "तिनं सकाळीच उरकलं असंल की काय ते."

नागुबाई भिंतीला धरून उभ्या राहिल्या. सुजलेली पावले ओढत पानांच्या मधोमध आल्या.

"अंडी मी खात होते," त्या म्हणाल्या. "धा दिस खाल्ली. जगायची हाव सुटली मला. ह्या पोरीनं सोताचं नाक दाबून मला भरवलं, आनी मीच तिच्याम्होरं पदर लावला नाकाला."

मालुबाईंनी हातातले भाताचे पातेले खाली ठेवले.

"आनी तू रं," त्या लेकाकडे वळल्या, "मटणाच्या वासानं जी परड्यात जाऊन जेवती, ती अंडं खाईल व्हय? नवरा हायस का कोन हायस तिचा?"

स्वरूपचे तोंड उतरले. तो कसाबसा म्हणाला, "माधवी, मला एकदा सांगायचंस तरी..."

"तुम्ही एकदा विचारायचं होतं."

तेवढेच. आवाज चढला नाही, डोळेही ओले झाले नाहीत.

नागुबाईंनी आपले पान कोपऱ्यात ओढले आणि माधवीच्या पुढ्यात सरकवले. तिथेच, जमिनीवर, कण्हत बसल्या. वरणभाताचा घास कालवला. "तुजा सोमवार आधी सुटू दे, बाय. मला तू उद्यापास्नं ह्येंच्या डोळ्याम्होरं भरव. लाज वाटली तर माजी मला वाटू दे."

माधवीने पुढे आलेल्या त्या हाताकडे पाहिले. आठ दिवसांची किळस अजून होतीच... तरी तिने तोंड उघडले. घास कोमट होता, मीठ थोडे जास्त होते. तो खाली उतरला, आणि मागून हुंदका आला. तिचा की आत्तींचा, ते बायांना कळले नाही.

स्वरूप भाताचे पातेले घेऊन पुढे आला. वाढायला वाकला.

तिने पानावर आडवा हात धरला.

तो वाकलेलाच राहिला, पळी हातात धरून. वर न बघता ती आत्तींच्या हातचा दुसरा घास चावत होती.