रेडिएटरमधले बुडबुडे

"पाणी ओतू नका! थांबा —"

मी उचललेला तांब्या तसाच हातात राहिला. धावत आलेल्या माणसाचे हात तेलानं काळे होते, आणि डोळे... एवढ्या उन्हातही गार वाटावेत असे.

"तापल्या इंजिनात थंड पाणी टाकलं तर ते तडकते, बाई," तो म्हणाला. नाव रुपराव. कोराडी रोडला, कडुलिंबाखाली त्याचं गॅरेज होतं.

ब्याऐंशी सालचा मे महिना. महादेवमामा मला जीपनं खाप्याहून शहरात, नंदनवनला नेत होते; वाटेत गाडी तापून थांबली. चार वाजता मुलाकडचे मला पाहणार होते. लग्नानंतर शाळेची नोकरी सोडावी लागेल, हे त्यांनी आधीच कळवलं होतं. मामांनी होकार दिला होता. मला कोणी विचारलं नव्हतं.

पाण्याचा पंप गळत होता. रुपरावनं सायकलवर सीताबर्डीला जाऊन नवा आणला. पंखा काढला, पट्टा काढला, जुनं पॅकिंग खरवडलं. बाजेवर मामा घोरू लागले.

नवा पंप बसला. इंजिन सुरू करून रुपरावनं रेडिएटरचं तोंड उघडंच ठेवलं आणि मला म्हणाला, "हळूहळू ओता. बुडबुडे थांबले का सांगा."

"एवढं हळू काहून?"

"घाई केली तर हवा आत अडकते. मंग गाडी पुन्हा तापते." तो पंपाला हात लावून गळती बघत होता. "खाप्यात काय करता?"

"शाळेत शिकवते... आजपर्यंत तरी."

"सोडता काहून? आमची वहिनी बिडी कारखान्यात जाते. संध्याकाळचा स्वयंपाक मीच करतो."

"भाकर गोल येते?"

"गोल नाही येत... पण फुगते!"

मी हसले. धार चुकली, त्याच्या मनगटावर सांडली. त्यानं हात मागे घेतला नाही.

पाणी काठोकाठ आलं. एकही बुडबुडा नव्हता.

"थांबले का?"

"नाही... येऊन राहिले अजून."

तो वाकला. पाण्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"हो," तो हळूच म्हणाला, "येऊन तर राहिले."

तेवढ्यात मामा उठले. "चार वाजले वं गोपिका! बस लवकर."

रुपरावनं झाकण लावलं. मी जीपजवळ उभीच राहिले.

"मामा... खाप्याले वळवा गाडी."

"काहून वं?"

"नवा पंप आहे. लांब नेऊ नये..."

"अवं, नंदनवन इथून दहा किलोमीटर, अन् खापा पस्तीस!"

माझी मान खाली गेली. तरी बोलले, "मले शाळा सोडायची नाही, मामा. अन् —"

माझी नजर नको तिकडेच गेली.

मामांनी माझ्याकडे पाहिलं. मग रुपरावकडे. तो फळ्यासमोर उभ्या केलेल्या पोरासारखा लाल झाला होता. मामा पुन्हा बाजेवर बसले. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"तुह्या घरी मोठं माणूस कोण आहे गा?"

"बाबा आहेत जी..." रुपराव चाचरला. "आत्ता घरीच असतीन."