वेंगुर्ल्याचा हुकूम

मिठागराच्या तळावरून चपला घालून चालू नये, हे खाडीकाठच्या पोरांना बोलायला येण्याआधी कळतं. आणि काशिरामाची मैना, जिचे आजे-पणजे पनवेलच्या खाडीवर मीठ पिकवता पिकवता म्हातारे झाले, ती पौषातल्या एका सकाळी पुण्याहून आणलेल्या उंच टाचांच्या चपला घालून जगनच्या ताज्या तळावरून तुरुतुरु चालत निघाली. आता बोला.

पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजात दोन वर्षं काढून, पास होऊन ती घरी येत होती. आसपासच्या पाच गावांतली, आगऱ्यांच्या घरातली पहिली मास्तरीण. हातात पत्र्याची पेटी, डोक्यात हजार बेत, आणि बांधावरून वळसा घालायचा कंटाळा.

"ए... थांब तिथंच."

ती थांबली. समोर खांद्यावर फावडं टाकलेला एक उंच, सावळा तरणा गडी उभा होता, तळाचा धनी जगन. पोटऱ्यांपर्यंत चिखल, आणि डोळे असे, की रागावलेत की हसतायत ते कळू नये.

"कुनाची गं तू?"

"काशिरामाची. मैना."

"काशिरामकाकांची? आनि तळावर चपला?" त्यानं तिच्या मागं बोट दाखवलं. "धा मानसांनी चार दिस तुडवून घट्ट केलाय तो. भोकं पडली की मीठ काळं येतंय. पुन्याला हे इसरायला शिकवतात वाटतं?"

मैनानं मागं वळून बघितलं. ओल्या तळावर टाचांच्या खळग्यांची सरळ रांग. तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या. दुसरी कुणी असती तर 'चुकलं हो' म्हणून चालती झाली असती. मैनानं पेटी बांधावर ठेवली, चपला काढल्या, पदर खोचला आणि पहिल्या खळग्यापाशी जाऊन पाय आपटायला लागली.

"काय करतेस?"

"दिसत नाही? माझे खळगे मी बुजवतेय."

"घरी जा. आई वाट बघत असंल."

"बघू दे."

जगननं फावडं टाकलं आणि तिच्यासमोर येऊन उभा राहिला. तळ एकट्यानं नीट बसत नाही. दोघांनी समोरासमोर एकाच ठेक्यात पाय टाकावे लागतात. ऊन वर येईपर्यंत दोघं तुडवत होती — खारा वारा, पायांखाली थंडगार चिखल, आणि मान वर केली की समोर ते डोळे... मैनानं मान फारशी वर केलीच नाही.

"ठेका नाय इसरलीस," शेवटी तो म्हणाला.

"म्हणजे तू मला आधीपासून ओळखतोस?"

"नाय बा," असं म्हणत तो चिखलाकडं बघायला लागला. लबाड कुठला.

मग काय व्हायचं ते झालं. काशिरामाची भाकरी रोज मैनाच मिठागरावर न्यायला लागली. बापाचे मिठाचे वाफे उजवीकडं, जगनचे डावीकडं. पण मैनाची वाट रोज डावीकडूनच जायची. आईनं एकदा विचारलं, तर म्हणाली, तिकडं वारा बरा असतो. माघात पहिलं मीठ आलं, तेव्हा जगननं चिमूटभर तिच्या तळहातावर ठेवलं.

"बघ. हाय का पनवेलच्या बंदरात असं दुसरं?"

खरंच नव्हतं. मोगऱ्याच्या कळ्यांसारखं पांढरंशुभ्र. त्याचा तो तोरा मैनाला फार आवडला. आपल्या कामाचा अभिमान असलेला माणूस काही वेगळाच दिसतो, असं तिला वाटलं, आणि मग ती स्वतःशीच लाजली.

चैत्रात स्कूल बोर्डाचा लखोटा आला. नेमणुकीचा हुकूम. गाव: वेंगुर्ला. मुलींची शाळा. आठ दिवसांत होकार कळवायचा, जूनच्या एक तारखेला हजर व्हायचं.

वेंगुर्ला म्हणजे दोन दिवसांचा प्रवास, दोनदा गाडी बदलायची, आणि पलीकडं कुणी ओळखीचं नाही. तालुक्याच्या गावी बोर्डात बसणारे एक गृहस्थ काशिरामाला म्हणाले, "कशाला पाठवता? तुमच्या गावच्या शाळेत दुसरी जागा मंजूर व्हायची आहे. वर्षभर थांबा म्हणावं. फार तर दीड."

मैना लखोटा घेऊन तडक जगनकडं गेली. तो वाफ्यातलं मीठ ओढून ढीग लावत होता.

"काय करू?"

"तुला काय वाटतंय?"

"मी तुला विचारतेय."

"मी कोन सांगनार?"

"हो का? मग रोज 'उशीर का केलास' म्हणून विचारणारा तू कोण असतोस?"

जगन हसला नाही. मिठाचा ढीग उगाच सारखा करत राहिला.

"राहा म्हण ना," मैना हळूच म्हणाली. "एकदा म्हण... मग बघू."

"नाय म्हननार."

"का?"

"मी राहा म्हनलो आनि तू राहिलीस, तर उद्या कुठं शाळेची घंटा वाजली की तू माझ्याकडं कशी बघशील, ते मला आत्ताच दिसतंय." तो थांबला. "आनि जा म्हनायला गेलो, तर... ते तोंडातून निघतच नाय."

मैनाला त्याचा भयंकर राग आला, आणि त्याहून जास्त माया आली. दोन्ही घेऊन ती घरी गेली.

सातव्या दिवशी जगनकडची माणसं मागणी घालायला आली. त्याची आई ठमाबाई, थोरला चुलता दाजी, आणि कोपऱ्यात मान खाली घालून जगन. मागणीच्या बैठकीत मुलानं बोलायचं नसतं, मुलीला विचारायचं नसतं. बोलणी मोठ्यांनी करायची, अशी रीत.

"पोरगी आमच्या मनात भरली," दाजी म्हणाला. "आता त्या वेंगुर्ल्याला नाय म्हनून कळवून टाका. वैशाखात हळद लावू. गावच्या शाळेची जागा काय, आज ना उद्या येईलच."

काशिरामानं तंबाखू मळली, पुन्हा मळली. "तसं बरोबर हाय..." तो म्हणाला. आवाजात काही दम नव्हता.

आतल्या खोलीत मैना लखोटा हातात धरून उभी होती. सगळे तिला एकच सांगत होते — थांब. बोर्डातले गृहस्थ थांब म्हणत होते, दाजी थांब म्हणत होता. न आलेल्या जागेसाठी ती घरात बसून राहणार, आणि आलेली जागा दुसरं कुणी घेणार. एका माणसानं मात्र तिला थांब म्हटलं नव्हतं. त्याचं काळीज तुटत होतं, तरी म्हटलं नव्हतं. तिला त्याचा केवढा अभिमान वाटला. आणि मग स्वतःचाही.

ती बाहेर आली.

"मी जानार, बाबा," मैना म्हणाली. रागात आणि मायेत तिची पुणेरी बोली कुठल्या कुठं जायची. "दोन वरसं नोकरी करीन, मग बदली मागून येईन. लगीन जगनशीच करीन. पन थांबायचं असंल तर या वेळी त्यानं थांबावं."

ठमाबाईनं कपाळावर हात मारला. "ऐकलंत? पोरगा कधी थांबतो व्हय? आजवर पोरीच थांबल्यात."

"मग मी पयला," कोपऱ्यातून जगन म्हणाला.

सगळ्या माना तिकडं वळल्या. तो उठून उभा राहिला होता.

"ही पाच गावांतली पयली मास्तरीन, तर मी पयला थांबनारा. दोन मिठं पिकतील तवर. मला काय त्यात कमीपना वाटत नाय, आई. उलट छाती फुगतेय."

दाजीनं काशिरामाकडं बघितलं, काशिरामानं दाजीकडं. "रीत मोडली म्हनायची," दाजी पुटपुटला. "मोडली तर मोडली," काशिराम म्हणाला आणि धोतराच्या सोग्यानं डोळे पुसायला लागला. आता त्याच्या आवाजात दम होता.

वैशाखाच्या शेवटी, ऐन मिठाच्या घाईत, जगन वाफे सोडून पनवेलच्या एसटी स्टँडवर आला. मैनाची पेटी त्यानं स्वतः टपावर चढवून बांधली. काशिराम पाणी आणायला गेला होता, तेवढ्यात जगननं भेटेल त्याला सांगून टाकलं. "आमची मास्तरीन. वेंगुर्ल्याला चाललीय. सरकारी हुकूम हाय." पानवाल्याला सांगितलं, हमालाला सांगितलं, एका अनोळखी म्हाताऱ्याला तर दोनदा सांगितलं.

कंडक्टर हसला. "तुमची म्हणजे कोण? बहीण का?"

जगन कानांपर्यंत लाल झाला. नातं सांगणारा तो एक शब्द काही गड्याच्या तोंडून निघेना.

मैनानं खिडकीतून डोकं बाहेर काढलं. भरलेली गाडी, अर्धं स्टँड ऐकत होतं. तिचा आवाज वर्गातल्या शेवटच्या बाकापर्यंत पोचेल असा खणखणीत निघाला.

"मी यांची होणारी बायको. दोन वर्षांनी येतेय. तोवर हे थांबणार आहेत."

घंटी वाजली. गाडी हलली. मैना वळून वळून बघत राहिली; डोळ्यांतलं पाणी तिनं पुसलं नाही. जगन मात्र हात हलवायचाच विसरला होता. तो त्या अनोळखी म्हाताऱ्याचा दंड घट्ट धरून विचारत होता, "काय म्हनली ती, ऐकलंत ना तुमी?"